एडनच्या घराचे मालक

मिल्टन कीन्स, ३ मार्च २०२५

ती. शशीआत्या,

सा. न. वि. वि. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितो. एडनमधला आपला घर परत मिळू शकतो! आजोबांनी बांधला, १९६७ला इंग्रज गेले आणि पाच वर्षांनी नव्या सरकारने घेतला. पण लॉ क्लिअर आहे: झेंडा बदलला तरी प्रायव्हेट प्रॉपर्टी मालकाचीच राहते. मी सॉलिसिटर, रोज लोकांची घरं ट्रान्सफर करतो. बाबा गेल्यावर वारस आपण दोघंच. तुमचा स्टेटमेंट हवा. आपल्यानंतर तिथे राहिलेले सालेह आता शेफील्डला आहेत. त्यांना नोटीस देणार.

रागावलात तरी प्रेम कमी करू नका.

परीक्षित

हॅरो, ८ मार्च

चि. परीक्षित, अनेक आशीर्वाद.

'आपला घर' नव्हे, 'आपलं घर'. तसं दोन्ही चूकच, कारण ते आपलं नाही.

कायदा वाचून धन्य झाले. एडन सोडताना इंग्रज साहेबाने तुझ्या आजोबांना चहा पाजून सांगितलं होतं, मालमत्तेला धक्का लागणार नाही. मग स्वतःचं फर्निचर बोटीवर चढवलं. नव्या साहेबानेही तेच सांगितलं, फक्त चहा दिला नाही. पुढे तुझे आजोबा हॅरोत शाळेचे केअरटेकर झाले आणि जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडत राहिले. कायदा तेव्हा बहुधा सुट्टीवर असेल.

जा शेफील्डला. म्हाताऱ्याला नोटीस देताना थोडी मिठाईही ने. आम्हाला काढताना तेवढंही कुणी केलं नव्हतं.

जीभ तिखट आहे, माया तशीच आहे.

तुझी आत्या

मिल्टन कीन्स, १७ मार्च

ती. आत्या, सा. न.

नोटीस दिली नाही. सालेहचाचा मुलीकडे एका खोलीत राहतात. ते लहान असताना सरकारने त्यांच्या वडिलांना ते घर दिलं. चाळीसेक वर्षं राहिले. मग येमेनच्या युद्धात बंदूकवाले आले आणि त्यांना बाहेर काढलं. आता तिथे कमांडर राहतो. मी सॉलिसिटर आहे म्हटल्यावर त्यांनी मलाच विचारलं, घर परत कसं मिळवायचं?

मी म्हटलं, मालक तर माझी आत्या आणि मी. ते म्हणाले, एवढी वर्षं वाटायचं, एक दिवस मालक दार वाजवेल. वाजवलं, ते शेफील्डला. तुम्ही रागावला आहात का, असं विचारत होते. तुम्हालाच विचारून कळवतो म्हटलं.

तुमचा स्टेटमेंट अजून हवा आहे. लोभ असू द्या.

परीक्षित

हॅरो, २१ मार्च

चि. परीक्षित, आशीर्वाद.

हो, रागावले होते. पन्नास वर्षं रागावायला हा सालेह किती सोयीचा होता! आता तोही बेघर निघाला. माझी मोठीच गैरसोय केलीस.

स्टेटमेंट घे. एडनच्या घरातला माझा अर्धा वाटा मी राजीखुशीने सालेह यांना देते. कमांडर हसेल, हसू दे. ते घर आमच्याकडून घेताना, त्यांना देताना आणि त्यांच्याकडून हिसकावताना कुणी कुणाला विचारलं नाही. एकदा तरी ते मालकाने आपल्या हाताने दिलेलं असू दे. लिहिताना रडू आलं. वकिलाला हे कळवायची गरज नव्हती.

तुझा अर्धा तुझ्यापाशी. मी काही म्हणणार नाही, हे माझ्याकडून फार झालं.

तुझीच,
आत्या

मिल्टन कीन्स, २६ मार्च

ती. आत्या,

माझा अर्धाही दिला. सालेहचाचांनी कागद दोनदा वाचला आणि मुलीला हाक मारून म्हणाले, आपण आता घुसखोर नाही.

रविवारी त्यांना हॅरोला आणतोय. प्लीज, दार तुम्हीच उघडा.

परीक्षित