उपाशी गोधडी

४ जुलै
कपाट आवरताना आईची गोधडी हाताला लागली आणि मिशन कंपाउंडमधली ती दुपार आठवली. अंगणात चटई, चटईवर गोधडी. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला धाकटी नॅन्सी, दोघींनी ताणून धरलेली, आणि मधोमध आई टाके घालतेय. आत पप्पांच्या कोटाचं अस्तर, आईची विटलेली पातळं, आमचे शाळेचे युनिफॉर्म. नॅन्सीने एका हाताने अभ्यास करता करता शाईची दौत गोधडीवर सांडली. आई रागावली नाही. मी सांडली असती तर रागावली असती, पण मी मनात काही ठेवत नाही. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आईने त्यात भाकरीचा तुकडा घातला, तोही नॅन्सीच्या हाताने. म्हणाली, गोधडीला उपाशी ठेवू नये. उपाशी गोधडी ऊब देत नाही, ऊब खाते.

आई गेल्यापासून ती आम्हा दोघींची. नाताळ ते ईस्टर नॅन्सीकडे संगमनेरला, ईस्टर ते नाताळ माझ्याकडे नगरला, सावेडीत. म्हणजे थंडी तिची, उकाडा माझा. चालायचंच.

आता बिझनेस. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाला नाताळसाठी तीनशे गोधड्या हव्या आहेत. माझ्या व्हरांड्यात बनुबाई आणि दया शिवतात, पण बनुबाईच्या वेगाने दुकानदाराच्या नातवाला डिलिव्हरी मिळेल. म्हणून निर्णय: माल चीनमध्ये बनवून घ्यायचा. व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. सॅम्पल पाठवायचं, ते हुबेहूब करून देतात.

सॅम्पल म्हणून आईचीच पाठवणार. द्यायची तर उत्तम वस्तू द्यावी. नाताळच्या आत परत येईल. नॅन्सीला सांगण्याची गरज नाही.

११ जुलै
कारखान्यातल्या मिस लिलीशी पत्रव्यवहार सुरू. माझं इंग्रजी वाचून ती चकित झाली असणार. शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी पत्रलेखन घोटून घेतलं होतं, ते आता कामी येतंय.

कुरिअरवाल्या मुलीने विचारलं, वस्तू काय, किंमत काय. कटकट नको म्हणून लिहिलं: जुनं कापड, किंमत नाही. सही केली. पेटी टेपने बंद होताना उगाच वाटलं, कुणीतरी आत आहे. वय झालं की असं होतं.

६ ऑगस्ट
पहिला नमुना आला. दिसायला बरा, पण चपटा. मांजर जवळ गेलं, वास घेतला, पाठ वाकवून निघून गेलं. मांजराला टेक्स्टाईलमधलं काय कळतं.

तरी मी ठाम लिहिलं: मूळ वस्तूसारखी ऊब नाही. क्वालिटीत तडजोड करणाऱ्यांतली मी नाही. लिलीने विनयाने विचारलं की आत काय आहे ते बघायला एक कोपरा कापला तर चालेल का. म्हटलं कापा. एकच. टाके पुन्हा घालता येतात.

९ ऑगस्ट
लिलीचा मेल. कोपऱ्यात वाळलेला तपकिरी खाद्यपदार्थ सापडला. किडे होतात म्हणून कारखान्यात अन्न चालत नाही. नियमाप्रमाणे नष्ट केला. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मेल दोनदा वाचला. मग 'नो प्रॉब्लेम' असं लिहिलं. इतक्या वर्षांची भाकरी. हायजीन महत्त्वाचं.

संध्याकाळी पंखा बंद केला. ऑगस्टात थंडी वाजायला नको खरं तर.

२ सप्टेंबर
बनुबाई आली. काम का दिलं नाही, विचारत होती. सांगितलं, सध्या डिझाईनचं काम चालू आहे. टेबलावरचा चिनी नमुना उचलून तिने गालाला लावला. म्हणाली, बाई, ही कुठं शिवली, दवाखान्यात व्हय? मी हसले. ती हसली नाही. तिने विचारलं, मोठ्या बाईंची गोधडी दिसत न्हाई कपाटात. म्हटलं, ड्रायक्लीनिंगला दिलीय. तर म्हणते, गोधडी नदीवर धुत्यात, दुकानात न्हाई टाकत. तिचा चहा कपात तसाच राहिला.

स्वभावच असा आहे तिचा. दयाला घेऊन गेली. आता व्हरांड्यात शांतता असते. मेल लिहायला बरं पडतं.

१९ सप्टेंबर
दुसरा नमुना. खूप सुधारणा, पण वजन चुकलंय. आईची गोधडी अंगावर आली की कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटायचं, हे इंग्रजीत नीट लिहून कळवलं. लिली म्हणाली, मधला भाग उघडावा लागेल. परवानगी दिली. अर्धवट काम मला आवडत नाही.

नॅन्सीचा फोन. ताप जात नाही, रात्री हुडहुडी भरते. ताई, या वर्षी गोधडी थोडी लवकर देशील का, म्हणाली. सांगितलं, पुण्याला ड्रायक्लीनिंगला आहे. एकच गोष्ट दोघींना सांगितली की लक्षात ठेवायला सोपी. नॅन्सी म्हणाली, आई असती तर तुला गोधडीसकट पुण्याला धुवायला पाठवलं असतं. हसता हसता तिला खोकला आला. फोन बराच वेळ चालू राहिला, पण त्यात फक्त खोकलाच होता.

२१ ऑक्टोबर
तिसरा नमुना. शेवटी जमलं. तोच रंग, तेच ठिगळ, आणि शाईचा डागही तसाच, कडेला निमुळता होत गेलेला. डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं. उसवून पाहिलं तर तपकिरी फोमचा तुकडा, भाकरीच्या तुकड्याच्या आकाराचा. लिलीने अभिमानाने लिहिलंय की ग्राहकाच्या भावना लक्षात घेऊन प्रत्येक नगात घालू.

ऑर्डर दिली. शेवटी सहज लिहिलं, मूळ वस्तू कृपया परत पाठवा.

२९ ऑक्टोबर
लिलीने फोटो पाठवला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर कापडाच्या पट्ट्या ओळीने स्टेपल केलेल्या, खाली नंबर. कोट. पातळ. युनिफॉर्म. हेच मूळ, म्हणाली. तुमच्या परवानगीने उघडत गेलो. पुठ्ठा मालाबरोबर पाठवतो.

फोटो मोठा करून पाहिला. शाईची पट्टी कापताना डाग मधोमध चिरला गेलाय.

पट्ट्या जोडता येतात. गोधडी म्हणजे तरी दुसरं काय असतं.

१२ डिसेंबर
पुण्याहून टेम्पो परत आला. दुकानाच्या मॅनेजरने तीन गोधड्या शेजारी शेजारी पसरल्या आणि मला फोनवर म्हणाला, मॅडम, एकीवर डाग असेल तर ती आठवण होते. सगळ्यांवर तोच डाग म्हणजे छपाई. आम्ही गिऱ्हाइकाला हाताची सांगतो. सगळा माल नाकारला.

त्यांना व्हिजन नाही. दुसरी दुकानं आहेत. शिर्डीला हॉटेलं आहेत.

सध्या गठ्ठे हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, ह्यांच्या रिकाम्या खोलीत. घरात नवीन प्लास्टिकचा वास. मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेलंय. काल थंडी फार म्हणून दोन घेतल्या, मग तिसरी. जितक्या घ्याव्यात तितकी थंडी आत शिरत होती. डिसेंबरात नगरला इतका गारठा पूर्वी नव्हता. हवामान बदललंय.

२४ डिसेंबर
नॅन्सीच्या पोटात गाठ निघाली. नगरच्याच दवाखान्यात आणलंय. गोधडी द्यायचा दिवस आजचाच, आणि मी वेळ पाळली. गठ्ठ्यातली सगळ्यात चांगली काढली, चार दिवस उन्हात टाकली, वास जावा म्हणून कपाटात आईच्या लाकडी पेटीशेजारी ठेवली. बाहेरचं लेबल कापलं.

नॅन्सीच्या अंगावर घातली. ती किती लहान दिसते आता. तिने डागावरून हात फिरवला, मग हात सरकत सरकत कोपऱ्यात गेला. कोपरा दाबला. फोम दबला आणि पुन्हा वर आला. तिने पुन्हा दाबला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ताई, ड्रायक्लीनिंग छान झालंय गं.

नॅन्सीला काही कळलं नाही. देवाची कृपा.

२ जानेवारी
ताप उतरत नाही. तिची सून रेश्मा सांगत होती, मम्मी रात्रभर कुडकुडतात, गोधडी पायाने ढकलून देतात. रोज सकाळी कोपऱ्यात पावाचा तुकडा खुपसलेला सापडतो. नर्स रागावते, मुंग्या होतात म्हणून.

औषधांचा परिणाम असेल.

घरी येऊन पुठ्ठा काढला. स्टेपल काढायला बसले. पट्ट्या हातात सुटल्या, त्यांचे दोरे झाले. दोन पट्ट्या कशाबशा जोडल्या. बनुबाईला फोन केला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाई, आता ह्यात काय शिवायचं ऱ्हायलंय, आणि हळूच फोन ठेवला.

९ जानेवारी
उद्या ऑपरेशन. डॉक्टर माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत होते. नॅन्सीने मुलाला, सॅमला, आणि रेश्माला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाली, ताई, तुझं अक्षर चांगलं, मी सांगते ते लिहून घे. दुसरा कागद जवळ नव्हता म्हणून इथेच लिहिते. तिच्याच शब्दांत.

पप्पांचं बायबल सॅमला. वाचणार नाही, पण ठेवेल.
शिलाई मशीन रेश्माला.
नाताळच्या केकचा साचा दयाला. ताईला नको, तिचा केक कच्चा राहतो.
आईची सुई आणि शिवताना बोटात घालायचं टोपण बनुबाईला, ताईने स्वतः घरी जाऊन द्यायचं आणि चहा प्यायचा.
अंगावरची ही गोधडी दवाखान्यात ठेवा, कुणालाही द्या.
आणि गोधडी ताईला. ही नाही, आपली. आता थंडीसुद्धा तिचीच.