पणजीच्या नावाचा घास

२ सप्टेंबर, मंगळवार
रजा टाकून कर्जतला जाऊन आले. मिरजगावच्या जुन्या खानेसुमारीचे कागद दप्तरखान्यात आहेत, हे खरं निघालं. लाल कापडाच्या रुमालांत बांधलेले. इंग्रजी अमदानीतली माणसांची मोजणी, सगळी मोडी लिपीत. माझं वाचन सावकाश. पहिल्या रुमालात अप्पाकाकांच्या पणजोबांची, खंडूची, नोंद सापडली नाही.

अप्पाकाकांना सर्वपित्रीच्या आत त्यांच्या पणजीचं नाव हवंय. दरवर्षी पित्तरांना घास ठेवताना पणजोबा खंडूपर्यंत सगळ्यांची नावं घेतात. आई, आजीचंही. पणजीपाशी आले की नुसतं "आमची पणजी". काल म्हणाले, "म्हातारीला वाटत असंल, पोरगं आपल्याला वळखत न्हाई. आता आनखी किती पित्तरं घालनार मी?"

९ सप्टेंबर, मंगळवार
सापडला! खंडू, बायको सगुणा, मुलगा राघू, वय चार. दोन बैल, एक गाय. राघू म्हणजे अप्पाकाकांचे आजोबा. बाहेर येऊन भिंगारला काकांना फोन लावला. "सगुणा," काका म्हणाले. नंतर नाक ओढल्याचा आवाज.

आत येऊन पुढचं पान उलटलं. दुसरा खंडू. भावकीतलाच, त्याच वस्तीवरचा. बायको मुक्ता. मुलगा तान्हा, नाव नाही.

काकांचे राघू आजोबा म्हणजे हा तान्हाच नसेल कशावरून? पुन्हा फोन करायला धीर झाला नाही. एसटीत नगरपर्यंत दोन्ही नावं वहीत पुन्हा पुन्हा वाचत आले.

१० सप्टेंबर
काकांना सांगितलं. तोवर त्यांनी अख्ख्या भावकीला सगुणाचं नाव कळवलेलं. मला रडू यायचं बाकी होतं.
"शाळेच्या आधी मी तुला काय शिकवलं हुतं?"
"दिसतंय तेवढंच वाचायचं. अंदाज बांधायचा नाही."
"मग? पान उलटून सांगाया आलीस, लई झालं."

फरशीवर विटकरीच्या तुकड्याने त्यांनी मला पहिला 'अ' काढून दिला होता. शाळेत नाव घालायच्या आधीच मी दुकानांच्या पाट्या वाचत होते. हे त्यांना कधी नीट बोलून दाखवलेलं नाही. आजही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
मिरजगाव. बाईआत्याला पित्तराचं आवतण द्यायला. आत्या काकांहून थोरली. आम्ही सगळे बाईच म्हणतो. सासरचं नाव सुमन. शेंगा फोडत बसली होती. विचारलं, पणजीचं नाव कधी कानावर आलं होतं का?

"कुनाच्या तोंडून येनार? आमची आजी तिची सून. सून सासूचं नाव घेती व्हय? आईनं आजेसासूचं कदी घेतलं न्हाई."

मी उठलेच होते. आत्या टरफलं झाडत म्हणाली, "माझंच तर ठिवलं हुतं."
"काय?"
"थोरलीचं नाव. पाळन्यात. मग आजीला मला हाक मारता यीना. म्हनून बाई. लग्नात सासरच्यांनी सुमन केलं. झालं."
"पण होतं काय?"
"मुक्ता, म्हनं." हात थांबले होते. "त्या नावानं मला कुनी हाक मारली न्हाई."
"काकांना कधी बोलली नाहीस?"
"त्यानं कदी इचारलं? त्याला वाटतं समदं कचेरीत असतं."

खरं तर तिथेच थांबायचं. पण राहवेना. थोरली म्हणजे आजीची सख्खी सासू की चुलतसासू?
"आता गं बया. ते कसं सांगू? नाव तर दोगींचंबी घेत न्हाईत."

निघताना मूठभर शेंगा ओढणीत बांधून दिल्या.

१८ सप्टेंबर
काकांसमोर दोन्ही बाजू मांडल्या. सगुणाच्या घरी राघू, लिहिलेला. मुक्ताच्या बाजूने आत्याचं पाळण्यातलं नाव.
"दोन घास ठिवू," म्हणाले. "एक आपली, दुसरी पाव्हनी."
"पण चुकीच्या बाईला..."
"पोरी, जेवाया बोलवून कोन चुकलंय का कदी?"

आज किती दिवसांनी झोप लागेल.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.
आत्या काल संध्याकाळीच आली. खिरीत गूळ कमी म्हणून सगळ्यांना बोलून झालं.

दुपारी गच्चीवर पानं मांडली. काकांनी एकेक नाव घेतलं. खंडू. मग "सगुणा", घास. मग जरा थांबून, "मुक्ता."
जिन्याच्या दारातून आत्या म्हणाली, "ओ."
काकांनी वळून पाहिलं. "तुला न्हाई. म्हातारीला."
"म्हाईत हाय. दिली एकदा ओ."

कुणी हसलं नाही. माझ्या लक्षात आलं, आत्याला नावाने हाक मारायची तर तिच्याहून मोठं माणूस लागेल, आणि घरात असं आता कुणी नाही. काकांनी पानावरचा घास उगाच नीट केला. मग पुन्हा, सावकाश म्हणाले, "मुक्ता, जेवाया ये."
पानाकडे बघत होते की दाराकडे, मला कळलं नाही. आत्या पुढे येऊन शेजारी बसली.

वंशावळीत पणजीच्या जागी दोन्ही नावं लिहिलीत. पेन्सिलीने. दप्तरखान्यात आणखी रुमाल आहेत. काकांना विचारलं, जाऊ का पुन्हा? म्हणाले, "जा की. पन खोडरबर हितंच ठिवून जा."