हाज्जा सितनाचा दलूका

२७ मार्च, गुरुवार
हाज्जा सितनानं आज मला पुन्हा मुसलमान करायचा प्रयत्न केला! रोजा सुटल्यावर कॉफीला बोलावलं आणि पहिला घोट पोटात जायच्या आत सुरुवात — “अवातिफ, तू इतकी चांगली बाई. फुकट नरकात जाशील गं.” मी म्हटलं, हाज्जा, मलाही तुमची अगदी हीच काळजी वाटते. खो खो हसली. दोघी एकमेकींना स्वर्गात न्यायच्या खटपटीत, आणि कॉफी निवून गेली.

मग मी बायबलातली हरवलेल्या मुलाची गोष्ट सांगितली, तो बापाला सोडून दूर देशी जातो ती. हसणं थांबलं. “तो बाप रोज रस्त्याकडे बघायचा ना?” एवढंच विचारलं. जीभ चावली मी. तिचा मुलगा मुंतसिर दोन वर्षांपूर्वी लढाई सुरू झाली तेव्हा खार्तूमला होता. त्यानंतर ना फोन, ना निरोप. दुसरी कुठली गोष्ट सुचली नाही का मला!

३१ मार्च, सोमवार
ईदचा दुसरा दिवस. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या झाडून सगळ्या बायका हाज्जाकडे गेलो. साखर भुरभुरलेली बिस्किटं खाऊन आमच्या चहावाल्या असुंताचे ओठ पांढरे. “ख्रिस्ती लोक जास्त खातात,” हाज्जा म्हणाली आणि आणखी एक ताट पुढं सरकवलं.

५ एप्रिल, शनिवार
समोरच्या इख्लासचं लग्न झालं. मुकं! ना टाळ्या, ना गाणी. गल्लीत दलूका एकच, हाज्जाच्या भिंतीवरचा. मातीचा ढोल, कातडं चढवलेला. आजवर गल्लीतली प्रत्येक नवरी त्याच्या तालावर नाचून सासरी गेली. इख्लासची आई कुजबुजली, “तिच्या दारात ढोल कसा वाजवायचा? माणुसकी आहे की नाही?” बिचारी इख्लास. नाचाची तालीम करून करून पायाला फोड आणले होते पोरीनं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
झावळ्या हाज्जाच्या खजुराच्या. “माझं झाड बोडकं करा आणि काढा तुमची मिरवणूक!” असं ओरडत स्वतःच कोयता दिला.

उपासनेनंतर आमची गाणी बसवणारे कोमी मास्तर हटून बसले. लढाईतून पळून इथं आलो तेव्हा आमचे ढोल ओमदुरमानच्या चर्चमध्ये राहिले. पळताना माणूस पोरं उचलतो, ढोल कोण उचलणार! “ढोलाशिवाय ईस्टर म्हणजे मिठाशिवाय असीदा,” मास्तर म्हणाले. “आणि यंदा बाप्तिस्मे आहेत. हाज्जाकडे दलूका माग.”

मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं — गल्लीत एका आईचं दुःख आहे. यंदा आपण ढोल वाजवायचा नाही. हीच आपल्या विश्वासाची साक्ष. चहावाल्या बायकांनी डोळे पुसले. मास्तरांनीसुद्धा मान डोलावली. फार बरं वाटलं.

१४ एप्रिल
अजूनही बरं वाटतंय. प्रवचन न देता दिलेलं प्रवचन!

१६ एप्रिल, बुधवार
बरं वाटणं संपलं.

दुपारी हाज्जा आली. डोक्यावरची ओढणी खांद्यावर, चपला दोन वेगवेगळ्या. असुंतानं चहाच्या ठेल्यावर कौतुकानं सांगितलं होतं की आम्ही तिच्यासाठी ढोल बंद ठेवलाय.

“माझा मुलगा मेला असं तुला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, हाज्जा, तसं नाही —

“मी चटया अंथरल्या? बायका येऊन बसल्या माझ्याकडे? कुणी कुराण वाचलं? मग कुणाचा दुखवटा पाळताय तुम्ही सगळे?” आवाज फाटला तिचा. “तिकडं इख्लासचं लग्न मुकं. इकडं तुमचा सण मुका. मी रोज दलूक्यावरची धूळ पुसते. तो आला की वाजवायचा म्हणून! आणि तुम्ही? न पुरताच पुरलात माझ्या पोराला!”

गेली. पाठोपाठ जायची हिंमत झाली नाही. खरंच की! या गल्लीत कुणी तिला एकदा विचारलं नाही, हाज्जा, वाजवू का? सगळ्यांनी मान खाली घालून शहाणपणा केला. सगळ्यात जास्त मी, तोही साक्ष म्हणून.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
उपासना झाल्यावर सुंठ आणि कॉफीचे दाणे घेऊन तिच्या दारात जाऊन बसले. आत बोलावीना. मीही उठेना. शेवटी आतून आवाज — “तिथं ऊन आहे, मूर्ख बाई.”

दाणे भाजले तिनं. मी माफी मागितली तर हातानंच उडवून लावली. मग म्हणाली, “तुमचा तो आज गेला, आणि परवा उठला म्हणता. मधल्या दिवशी त्याच्या आईनं काय केलं?”

मी इतकी वर्षं शुभवर्तमान सांगत गावोगाव फिरले. हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, माहीत नाही, हाज्जा.

“एवढी शिकवत फिरतेस आणि हे माहीत नाही!” हसली! परवापासून पहिल्यांदा. “मी सांगते. तिनं घर झाडलं असेल.”

१९ एप्रिल, शनिवार
दलूका आला! हाज्जानं स्वतः डोक्यावरून आणला. “कातडं उन्हात तापवा, नाहीतर बद्द वाजेल. आणि मी ख्रिस्ती होणार नाहीये हां!” मी म्हटलं, मी तरी कुठं मुसलमान होतेय?

२० एप्रिल, ईस्टर
काय लिहू, किती लिहू! पहाटे नाईलवर बाप्तिस्मे. असुंता पाण्यातून वर आली ती ओरडतच, पाणी गार होतं म्हणून. मास्तर म्हणतात आनंदानं. परत आलो तर हाज्जा आमच्या फाटकात उभी. मास्तरांनी दलूका घेऊन जेमतेम दोन थापा मारल्या असतील — “अहो, कणीक तिंबताय का? हे बायकांचं वाद्य आहे, आणा इकडं!” हिसकावून मांडीवर घेतला आणि असा वाजवला, असा वाजवला! आमची गाणी तिला कुठली माहीत, पण ताल एकदाही चुकला नाही. बायकांनी जिभा हलवून ललकाऱ्या दिल्या. समोरच्या दारातून माहेरी आलेली इख्लास धावत आली, लग्नाच्या पोशाखात! मधोमध उभी राहून नाचली. तिची आई रडत होती आणि टाळ्या वाजवत होती.

प्रभू उठला आहे. माझे तळवे अजून लाल आहेत.

२१ एप्रिल, सोमवार
दलूका आज इख्लासच्या अंगणात. राहिलेली सगळी हौस फेडून घेताहेत पोरी. मी हाज्जाजवळ बसले होते. तिचा फोन वाजला, अनोळखी नंबर. ढोलापुढं ऐकू येईना, म्हणून तिनं माझ्याही कानाशी धरला. घोगरा, थकलेला आवाज —

“यम्मा? यम्मा, मी बोलतोय. आपल्या गल्लीत लग्न कुणाचं आहे?”