पिवळ्या दुपट्ट्यातली पोट्टी

७ एप्रिल, मंगळवार
मृणाल सकाळच्या बसने रायपूरहून पुन्हा गेली. एम.ए.चा सर्व्हे, शेवटचं गाव. डबा ओट्यावरच विसरली, मग मी चिडचिड केली ती ह्यांच्यावर.
मैकल डोंगराच्या आडोशाचा तो जिल्हा. ढग पलीकडेच रिकामे होतात. जन्मभर कॉलेजात हेच शिकवलं, फळ्यावर डोंगर काढून. एक पीक, मग तलाव आटतो, आणि दिवाळीनंतर धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर. गावात उरतात म्हातारी अन् लेकरं. पुस्तकात याला ‘हंगामी स्थलांतर’ म्हणतात, परीक्षेत चार मार्कांना.
म्हणून मृ.च्या प्रश्नांत एक आहे: आईबाप बाहेर असताना मुलं कोणाजवळ? मीच सुचवला. माहिती घेऊन झाली की दाराशेजारी खडूने नंबर टाकायचा, म्हणजे घर दुबार येत नाही. हेही माझंच.

८ एप्रिल, बुधवार
मृ. आजही गेली. दुपारी तिचा फोन. आवाज बारीक. “आई, लोग पूछ रहे हैं बच्चे क्यों गिन रही हो.” म्हटलं, सरपंचाला भेट. “मिली थी. हव हव बोले और चले गए.”
मग फोन बंद. हे म्हणाले रेंज नसेल. मी देवापुढे दिवा लावला, पुन्हा फोन लावला. भाजी करपली.
दिवेलागणीनंतर आली. दुपट्टा नाही.
“कुठं गेला?”
“गिर गया कहीं.”
जेवली नाही. ताट झाकून ठेवलं.

९ एप्रिल, गुरुवार
आज सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. गावात सकाळपासून कुजबुज होती, कोणी शहरातली बाई पोरं मोजते, दारावर खुणा करते, मग रात्री गाडी येते. पाच-सहा जणांनी घेरलं. एकाने दुपट्टा ओढला. एका म्हाताऱ्या दाईने तिला घरात ढकलून कडी घातली आणि स्वतः उंबऱ्यावर बसून राहिली, बस येईस्तोवर. दाईचे दोन नातू घरात होते, मृ.कडे बघून तेही रडत होते. लेक-सून भट्टीवर.
मला त्या लोकांचा रागही धड येत नाही. माझं लेकरू म्हाताऱ्या सासूपाशी टाकून मला जावं लागलं असतं तर मीही दाराबाहेरच्या प्रत्येकाकडे काठी घेऊनच पाहिलं असतं.
पण दुपट्टा ओढला. माझ्या पोरीचा.

१० एप्रिल, शुक्रवार
बिल्डिंगच्या ग्रुपवर व्हिडिओ. वरच्या मजल्यावरच्या सरिता दीदीने टाकला. “बच्चा चोर गैंग रायपुर में घुस चुकी है, सावधान.” पाठमोरी पोट्टी, वेणी, पिवळा दुपट्टा, दाराशेजारी खडूने काही लिहून राहिली, उंबऱ्यात उघडं लेकरू. चेहरा दिसत नाही. मला चेहऱ्याची गरज नाही पडली. खडू धरायची तऱ्हा माझी आहे.
खाली उत्तरं येत होती. एकीने लिहिलं, मिल जाए तो वहीं मारो. मृ.च्या बारशाच्या वेळी हिनेच पाळण्याची दोरी धरली होती.
मी ह्यांना म्हटलं, लिहून टाकते, ही आमची मृणाल आहे म्हणून.
“पागल झाली का? आपलाच पत्ता देतं का लोकायले?”
“मंग काय चूप बसू?”
ह्यांनी चपला घातल्या. मी लिहिलं नाही. दोघं मिळून ठाण्यात तक्रार देऊन आलो. घेतली त्यांनी. व्हिडिओ फिरतोच आहे.

११ एप्रिल, शनिवार
गोल बाजारात गेले, घरात जीव घुसमटत होता. भांड्यांच्या दुकानात मालक म्हणाला, “दीदी, नाती-पोतों को संभालना, एक पीली चुन्नी वाली घूम रही है,” आणि मोबाईल पुढे केला. मी मान डोलावली. “हो भैया, जमाना खराब.” हे शब्द माझ्या तोंडून गेले. काही न घेता परतले. रिक्षात रडू आलं.
मृ.ने तिचे पिवळे कपडे गाठोडं बांधून माळ्यावर टाकले. वर म्हणते सोमवारी जाणार, थोडी घरं राहिलीत. “गाइड सर ने कहा है पुलिस साथ रहेगी.” काहून जातं? म्हटलं. “एक दाई ही बैठी रही मेरे लिए. अब नहीं गई तो सब सच मान लेंगे.”
तिचं खरं असेल. मले नाही पाहिजे खरं.

१२ एप्रिल, रविवार
संध्याकाळी खालच्या मजल्यावरची परी, अडीच वर्षांची, गेटबाहेर धावता धावता आपटली. गुडघा फुटला. ही पोरगी आमच्याच घरी रांगायला शिकली, मृ.च्या ताटातला भात खाते. मृ. दूध घेऊन येत होती, पिशवी टाकून धावली, वाकली. रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर दोघं अनोळखी बसलेले, दोघांची मान इकडे.
मी बाल्कनीतून ओरडले, “मृणाल! हात नको लावू तिले!”
मृ. होती तशी थांबली. मग हळूच दोन्ही हात पाठीमागे घेतले. परी तिच्याकडे हात पसरून हंबरडा फोडत होती, आणि मृ. परीची आई बाहेर येईस्तोवर नुसती उभी.
वर आली ती सरळ खोलीत गेली. उद्याच्या बसचं विचारायचं होतं. दारापर्यंत जाऊन परत आले.