आपलीच चाल

बेंगळूरू, रविवार

तीर्थरूप आप्पांना मल्लेशचा शरणार्थ.

मी इथं मजेत आहे. घरमालकीण ज्वारीची भाकरी करून देते, काळजी करू नका. अव्वाचा गुडघा कसा आहे?

आमच्या बँडचा तिसरा अल्बम आला. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराकडचं गाणं, त्यात ही पोरं नवंनवं घालतात. त्यांचा बेंजो गोल असतो. मी नळदुर्गच्या आपल्या बेंजो पार्टीतला कळांचा बेंजो घेऊन आलो तवा सगळे हसले होते. आता त्याच्याबिगर कार्यक्रम होत न्हाय.

पण वरातीत तुम्ही वाजवता ती चाल अल्बममध्ये घेतली अन् खाली तुमचं नावच न्हाय. 'पारंपरिक' असं लिहिलंय. आमच्या पुण्याच्या गिटारवाल्याला, रणधीरला, मी जाब विचारला. तो म्हणाला, "तूच म्हणालास ना, आपलीच चाल आहे?"

म्हणालो होतो. माझ्या बापाची चाल, असं फुशारकीनं कसं सांगायचं? पण त्याला खरंच कळलं न्हाय, का त्यानं सोंग घेतलं? आजकाल माझ्या रियाजाला तो फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून बसतो, तेबी मला बरं दिसत न्हाय.

उद्या तुमचं नाव घालायला लावणार आहे. त्याआधी एक विचारतो, रागावू नका. वरातीत कुणी विचारलं की तुमीबी हसून 'आपलीच हाय' म्हणायचा.

आप्पा, ती चाल तुमीच बांधलीय ना?

तुमचा,
मल्लेश