लांब पोळीचा ट्रेलर

५ फेब्रुवारी, गुरुवार

काजलची पोळी आज पुन्हा फाटली!

हातावर छान उतरते, लांब होत होत पार कोपरापर्यंत येते. अन् चुलीवरच्या उलट्या मटक्यावर टाकायच्या वेळी पोट्टी श्वास धरते — तिथंच भोक. म्हटलं, पोळी टाकून राहिली का विहिरीत उडी मारून राहिली वं? हसली. हसता हसता टाकलेली मात्र बरी पडली.

हे मी मोबाईलले सांगून राहिली. काजलनंच बटण दाखवलं — आजी, दाबायचं अन् बोलायचं, तो लिहिते. मले अक्षर येत नाही. म्हणजे माझी रोजनिशी साऱ्या जगाले वाचता येईन, फक्त मले नाही! काजल म्हणते, मी नाही वाचत. वाचलंस तरी काय वं. तुझी पोळी फाटते हे तुले माहीतच आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

बेसा गावातलं लग्न निपटलं. पोळ्यांची जवळची ऑर्डर, म्हणून पियुषची बॅटरीची पिकअप मजेत गेली-आली.

पियुष म्हणजे नातू, काजलचा नवरा. डिझेलची गाडी विकून त्यानं ही घेतली अन् मागं ट्रेलर लावला. ट्रेलरमध्ये रेतीत बसवलेले दोन मटके, चुली, लाकडं, कणकीची पोती — अन् मी. पुढं दोनच सीटा, तिथं नवरा-बायको. मटक्यांले हात लावून कोणीतरी बसावंच लागते, नाही तर पहिल्याच गड्ड्यात खापऱ्या. पोलीस दिसला की मी पोत्यामागं. तरी त्याले माझा पदर दिसतेच. तोही पाहत नाही, मीही पाहत नाही.

घरी आल्यावर मनोहर — माझा पोरगा, पियुषचा बाप — दारातच उभा. "माय, खांदा पाह्य तुझा. डॉक्टर काय म्हणाला?" म्हटलं, डॉक्टरले पोळी येते का? तर पियुषवर घसरला. "या चार्जिंगपायी एक जरी ऑर्डर चुकली ना, त्या दिवशी ट्रेलर विकतो. मंग आपलं घरी सक्करदऱ्यात बसून करा काय करायचं ते."

मी त्याले सांगून ठेवलं — काजलची पोळी फाटते तोवर मटक्यापाशी मीच उभी राहीन.

खरं सांगू? तिची पोळी नीट व्हायची मलेही काही घाई नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

खांदा दुखून राहिला. सांगितलं नाही कोणाले. तूही सांगू नको.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या अकोल्याचं रिसेप्शन. एवढ्या लांब ही गाडी पहिल्यांदाच. पियुष दुपारपासून मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. रिकामी गाडी अमरावतीच्याही पुढं जाते म्हणे. ट्रेलर लावला की तळेगावातच जीभ बाहेर! म्हणून हळू चालवायची, पंखाही लावायचा नाही, अन् तळेगावच्या पुढं एका हॉटेलापाशी चार्जिंग करायची, लागली तर अमरावतीच्या पुढं पुन्हा.

उतारावर बॅटरी आपोआप भरते, असंही म्हणते तो. म्हटलं, मंग सगळा रस्ता उताराचाच काहून नाही बांधत गा हे लोक?

"आजी, तू मटके सांभाळ."

तेच तर करून राहिली एवढी वर्षं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल बोलायले जीव नव्हता. आज सांगते. हसू नको.

हॉटेलापाशी चार्जिंगची जागा अगदी कारपुरती. कारचं तोंड आत घालायचं, वायर लावायची, झालं. आमचं शेपूट मावते कुठं! अर्धा ट्रेलर रस्त्यावर अन् मागून कारवाले पो-पो करून राहिले. म्हणून पियुषनं ट्रेलर सोडला, ढकलून कडेले सावलीत लावला, चाकांले विटा लावल्या. पिकअप एकटी गेली वायरपाशी. मी म्हटलं, तुम्ही दोघं नाश्ता करा, मी जराशी पडते. पोत्यांवर पडली अन् डोळा लागला.

जाग आली तर शांत. पिकअप कुठं दिसेना. चार्जिंगवर दुसरीच पांढरी कार उभी.

सोडून गेले!

ट्रेलर जोडायचाच विसरला माझा नातू. काजलले वाटलं आजी मागं झोपली आहे — मी झोपली होतीच, फक्त मागं नव्हती. अन् माझा मोबाईल? पुढं गाडीत, चार्जिंगले लावलेला.

घाबरली का? थोडीशी. मटके माझ्यापाशी म्हणजे येतील परत, हे पक्कं होतं. आजीसाठी नाही तरी मटक्यांसाठी येतील. पण बसून काय करू? वाट पाहणारे लोक होतेच. त्या पांढऱ्या कारमधली बाई आपल्या पोरीले म्हणून राहिली, "बघ, आजीचा कसा उलटा मटका आहे." म्हटलं, उलटाच असते वं, वरून पोळी टाकतो आम्ही. पोरगी म्हणाली, दाखवा ना.

आता असं कोणी म्हटलं की मले राहवते का?

चुलीचं नाव काढल्याबरोबर तिथला गार्ड पळत आला. "मावशी, इथे आग नाही चालत! बॅटरीची जागा आहे!" म्हटलं, बरोबर आहे तुझं. लोटा मंग मले तिकडं. कारवाल्यांनी, गार्डनं, सगळ्यांनी मिळून ट्रेलर ढकलला, पार हॉटेलाच्या मागच्या मैदानात. मी वर बसून मटके धरलेले. वरात निघाली माझी!

थोडी कणीक सैल भिजवली, आपटली, चूल पेटवली. पहिली पोळी पडली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंग काय — हिले एक, त्याले एक. ही बाई म्हणे आणखी लांब करा, मी आणखी लांब केली. खांदा ओरडून राहिला, पण मी ऐकूनच घेतलं नाही. कोणी पैसे काढले तर म्हटलं, ढकलल्याचे कापून घे.

तिकडं पियुषचं काय चाललं होतं हे मागून कळलं. तो रस्ताभर खूश! "काजल, पाह्य, बॅटरी उतरूनच नाही राहिली. हळू चालवण्याचा फायदा पाह्य." नांदगाव पेठेपाशी चहाले थांबले. काजल माझ्यासाठी चहाचा कप घेऊन मागं आली, अन् मागं नुसता रस्ता!

परत आले तर ट्रेलर ठेवल्या जागी नाही. विटा तेवढ्या पडलेल्या. पियुष पांढराफटक! धावत गार्डपाशी गेला — "इथे माझी आजी होती!" गार्डच्या हातात पोळी, तोंडही भरलेलं. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

माझा पदर धरून रडला लेकाचा. एवढा मोठा घोडा. म्हटलं, रडून बॅटरी भरते का? लाव वायर.

कारण जाण्या-येण्यात बरीच उतरली होती. पुन्हा ट्रेलर सोडा, पुन्हा रांग. तिकडं अकोल्याहून फोनवर फोन. मनोहरचाही आला. काजलनं उचललाच नाही. वेळ वाचवायचा म्हणून सगळी कणीक तिथंच भिजवून घेतली, झाकून ठेवली. निघताना पियुषनं ट्रेलरचा हूक हलवून पाहिला, उतरला, पुन्हा हलवून पाहिला. मंग काजलनं पाहिला.

अकोल्याले पोहोचलो तर पंगत बसायले आलेली. मटके तापवले. मी कणीक हातावर घेतली, हात वर केला — अन् हात वर गेलाच नाही. तिथं हॉटेलात टाळ्यांवर उधळून आली होती मी सगळी ताकद. काजल पाहून राहिली. मी पाहून राहिली. नवरीचा बाप म्हणे, "आजी, होईन ना?"

म्हटलं, होते ना. काजल, ये इकडं. अन् श्वास सोड.

पहिली फाटली. दुसरी तोंड वाकडं करून पडली. मी लाकडं सारत होती, अन् सारता सारता तिच्या कानापाशी पियुषची नक्कल केली — "काजल, पाह्य, बॅटरी उतरूनच नाही राहिली!" पोट्टी खदखदा हसली. अन् मंग जे सुरू झालं! एकामागं एक, पातळ, पांढऱ्या, कोपरापर्यंत लांब. दोन्ही मटके तिनं एकटीनं चालवले. पंगत थोडी उशिरा उठली, पण उपाशी कोणी नाही उठलं.

तिची पोळी माझ्याहून वीतभर कमी. हे तिले नाही सांगितलं.

वीतभर नाही. चार बोटं असेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

खांदा कामातून गेला. वेणीही काजलनंच घालून दिली. मनोहरनं खांद्याले तेल चोळून दिलं. रागावला असता तर कमी दुखलं असतं.

२ मार्च, सोमवार

मनोहरनंच चंद्रपूरची ऑर्डर घेतली. ट्रेलर विकायचं नाव नाही. पियुषनं ट्रेलरच्या मागं मोठ्या अक्षरात काहीतरी रंगवून घेतलं. विचारलं तर हसते. काजलनं वाचून दाखवलं — "आजी मोजून घ्या."

९ मार्च, सोमवार

उद्या चंद्रपूर. पियुषनं माझी गादी ट्रेलरात टाकली, उशीही. मटके गादीत गुंडाळले तर धरायले कोणी लागत नाही, हे मले आजच सुचलं. खरं तर मागंच सुचलं होतं.

१० मार्च, मंगळवार

गाडी गेली. मागं ट्रेलर होता, मी स्वतः हूक हलवून पाहिला. या वेळी विसरले नाहीत ते. मीच म्हटलं, जा.

आत्ता पियुषचा फोन आला होता. "आजी, बॅटरी आज जास्त चालून राहिली वं."

म्हटलं, मागं पाह्य बरं. काजलचे मटके आहेत ना?