बोआदीच्या घरी जाणारं वाडगं

मी, आफिया तिवा, वय शहात्तर किंवा सत्त्याहत्तर (आईला साल आठवत नव्हतं, वार तेवढा आठवत होता, शुक्रवार), राहणार एफिदुआसे, अशांती प्रांत, धंदा पूर्वी धुरावलेली मासळी विकणे, हल्ली खोकणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. शाळा तीन इयत्ता झाली, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. डोकं मात्र जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी मासळीचा भाव करून बघावा. मला कोणी धमकावलं नाही, कोणी पाजलं नाही. छातीचा फोटो बघून डॉक्टर माझ्याशी न बोलता माझी मुलगी सेर्वा हिच्याशी बोलला, तेव्हाच काय ते मला कळलं आणि येताना कागद विकत आणला.

कलम पहिलं. राहतं घर माझं नाही. ते माझ्या आईच्या घराण्याचं, आणि माझ्या पश्चात घराण्याकडेच राहील. लग्न झालं तरी मी नवऱ्याकडे राहायला गेले नाही. माझे यजमान क्वासी बोआदी त्यांच्या आईच्या घरी, बाजारापलीकडे. मी माझ्या आईच्या घरी. मी इथे रांधायचं आणि दिवेलागणीला वाडगं झाकून पोराच्या डोक्यावर द्यायचं. आमच्या पिढीत सगळ्यांनी असाच संसार केला. आता पोरी म्हणतात, "आजी, हा कसला संसार?" मी म्हणते, भांडायला भेटायचं तर रस्ता ओलांडावा लागतो, तोवर राग निम्मा होतो.

कलम दुसरं. ओढ्यापलीकडची कोकोची बाग माझी स्वकष्टाची आहे. मासळीच्या टोपल्या वाहून मानेची वाट लावली, त्यातून घेतली. ती मी सेर्वाला देते. पूर्ण देते. भावकीने तोंड घालू नये.

याला अट नाही. तिघांनी मला सांगितलं की अट घाल, बापाला रांधेल तरच बाग. अट घालून रांधायला लावलेलं अन्न कुत्रंसुद्धा हुंगून सोडतं.

कलम तिसरं. माझी नणंद पोकुआ. हिने माझ्या लग्नापासून आजवर, वाडगं पोचलं की झाकण उघडून बोट बुडवून, "मीठ कमी" असं म्हटलं आहे. ताप असताना म्हटलं, भर पावसात म्हटलं, माझ्या मुलाच्या मयतीच्या जेवणालाही म्हटलं. तिला मी एक मोठी पिशवी मीठ देते. प्रार्थनामंदिराचे मास्तर सांगतात की मिळकतीतलं काही ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मग तर पिशवी दिलीच पाहिजे.

कलम चौथं. मिरची वाटायचं मातीचं खरबरीत वाडगं आणि लाकडी बत्ता नात दुफिए हिला. उखळ आणि दोन्ही मुसळं सेर्वाला. उखळ तळाशी चिरलं आहे, पण आवाज चांगला येतो. अंगावरची चांगली लुगडी माझ्या भाच्यांना. त्यांनी आपसात ओढाताण करावी, मला बघायचं नाही.

कलम पाचवं. मयत. बायकोची शवपेटी नवऱ्याने द्यायची ही आमची रीत. बोआदीला आता स्वतःच्या चपलेचा पाय कळत नाही, म्हणून ती त्याचा भाचा बादू याने आणावी. बोआदीने आपली कोकोची बाग बादूला दिली. मामाचं भाच्याला, हेही रीतीप्रमाणेच. तर मग पेटीही रीतीप्रमाणे येऊ दे. काचेची खिडकी वगैरे नको. मला बाहेर काही बघायचं नसेल. आणि लोकांना थर्मोकोलच्या डब्यातला लाल भात वाटायचा नाही. उखळात कंद कांडल्याचा आवाज झाला पाहिजे. ज्यांना थांबायला वेळ नाही त्यांनी उपाशी जावं.

कलम सहावं. हे मुख्य.

बोआदीचं डोकं गेल्याला बरीच वर्षं झाली. बहिणीला ओळखत नाही, बादूला तो टपालवाला समजतो. मी समोर बसले तर मला विचारतो, "बाई, कोणाकडे आलात?" पण पामफळांचं माझं कालवण जिभेला लागलं, कांडलेल्या कंदाच्या फुफूचा पहिला गोळा घशाखाली गेला, की तो मान वर करतो आणि म्हणतो, "तिवाने आज टोमॅटो निखाऱ्यावर जाळलाय." मी तो नेहमीच जाळते. मग तो बोलायला लागतो. कोणत्या साली ओढा चढला, कोणत्या बोकडाने माझी मासळी खाल्ली, मी त्या बोकडाला काय शिव्या दिल्या, सगळं. वाडगं संपेपर्यंत तो असतो. हात धुतले की गेला.

पोकुआने रांधलेलं तो सरकवून ठेवतो. "मी जेवून आलोय," म्हणतो. कुठून, ते देव जाणे.

जेवताना एक प्रश्न रोज येतो, "क्वाकू जेवला का?" क्वाकू आमचा मोठा. वाडगं तोच न्यायचा. बोआदी तळाशी मांसाचा एक तुकडा मुद्दाम ठेवायचा, आणणाऱ्याचा तो हक्क. पोरगं येताना रस्त्यातच खायचं आणि मला तोंड पुसून दाखवायचं. गोवराने गेला. सुरुवातीला आम्ही बोआदीला खरं सांगायचो. तो दर वेळी नव्याने ऐकायचा आणि नव्याने जमिनीवर लोळायचा. एका पोराच्या मरणाचं एवढ्यांदा रडायला लावणं हे पाप मी थांबवलं. तेव्हापासून उत्तर एकच, "जेवला." पुढेही हेच द्यावं.

माझं मात्र त्याला सांगा. पहिल्याच दिवशी, तोंडावर, स्पष्ट. जन्मभर रांधलं आहे. त्याचं एकदा रडणं हे माझं येणं आहे. एकदाच. दुसऱ्यांदा जो सांगेल त्याच्या घशात काटा अडको.

कलम सातवं. सेर्वासाठी.

क्वाकूनंतर वाडगं सेर्वाने नेलं. तेव्हा ती मुसळाएवढी होती. वाडगं परत यायचं तर तळाशी मांस तसंच. मी विचारलं, "खाल्लं का नाहीस?" म्हणाली, "ते दादाचं आहे. बाबा ठेवताना त्याचं नाव घेतात." किती दिवस ते मांस तसंच परत आलं ते मी मोजलं नाही. मी ते कोंबड्यांना टाकलं, कारण माझ्याही घशाखाली उतरेना.

पुढे बागेचं झालं. बापाबरोबर कोकोची फळं फोडून सेर्वाच्या तळहाताला कोयत्याचे वण आहेत आणि बाग गेली बादूला. त्या दिवशी ती माझ्या चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "बाग भाच्याला, मांस मेलेल्याला. मला काय, आई?" मी म्हटलं, "तुला पाय आहेत, चालायला लाग." ती चालायला लागली ती कुमासीला. तिथून परत आली माझ्या खोकल्यासाठी, बापासाठी नाही. बाजारापलीकडे तिने पाऊल टाकलेलं नाही. "ज्यांनी बाग खाल्ली ते भरवतील," म्हणते. बरोबरच म्हणते. मी तिच्याशी वाद घातलेला नाही.

आता जे लिहिते ते तिला माहीत नाही. गेल्या महिन्यात मी उठू शकले नाही त्या आठवड्यात सेर्वाने रांधलं. तिला वाटलं, माझ्यासाठी. मी ते दुफिएच्या डोक्यावर देऊन बोआदीकडे धाडलं आणि स्वतः चहात पाव बुडवून खाल्ला. दुफिए परत आली. मी म्हटलं, "सरकवलं का?" म्हणाली, "नाही आजी. घास गिळला आणि म्हणाले, तिवाने आज टोमॅटो निखाऱ्यावर जाळलाय."

सेर्वा, मी तुला हे कधी शिकवलं नाही. तू चुलीपाशी रुसून बसायचीस, तेव्हा बघितलं असशील. बाग तुझी आहे, रांधलंस तरी आणि नाही रांधलंस तरी. बाप तुला ओळखणार नाही, माफी मागणार नाही, तुझ्या हातचं खाऊन माझं नाव घेईल. हा व्यवहार वाईट आहे. मी बाजारात असते तर तुला म्हटलं असतं, उठ, दुसऱ्या टोपलीकडे चल. पण तो फक्त वाडग्यापुरता जिवंत आहे, आणि माझ्यानंतर ते वाडगं दुसऱ्या कोणाच्या हाताने भरणार नाही. एवढंच सांगायचं होतं.

कलम आठवं. आमच्यात नुसतं दिलं म्हणून देणं पक्कं होत नाही. घेणाऱ्याने साक्षीदारांपुढे दारूची बाटली ठेवून आभार मानावे लागतात. म्हणून आज सगळ्यांना बोलावून हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे जे झालं तेही लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी गोष्टी रचू नयेत.

सेर्वा उंबऱ्यावर बसली होती. मास्तर म्हणाले, "सेर्वाबाई, आभाराची बाटली?"

"आणली नाही."

"मग बागेचं देणं कच्चं राहील."

"राहू दे कच्चं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजारी पडून चोरून वाडगं पाठवतेस. लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "या वयात कुठून आणू?"

ती बराच वेळ दुफिएच्या केसांतला गुंता सोडवत बसली. पोरगी ओरडली तरी सोडेना. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हाताऱ्याला हल्ली मिरची सोसते का?"

"अर्धी. बिया काढून."

"आणि मासळीचे काटे?"

"सगळे काढायचे. दात नाहीत त्याला. बोटाने चाचपून बघायचं, डोळ्यांवर भरवसा नाही ठेवायचा."

ती उठून मागल्या बाजूला चुलीकडे गेली. मास्तरांनी विचारलं, "हे आभार धरायचे का?" माझी शेजारीण अगेइवा नाक पुसत म्हणाली, "मास्तर, तुम्ही सही करा."

लिहून देणार: आफिया तिवा (सही, स्वतःची, अंगठा नाही)

साक्षीदार: १. जोसेफ आन्तो, प्रार्थनामंदिराचे मास्तर. २. अमा अगेइवा, शेजारीण (अंगठा).

बाटली ठेवली गेली नाही. आभार झाले, असं आम्ही दोघं समक्ष पाहून नमूद करतो.

ठिकाण: एफिदुआसे. शुक्रवार, ११ मार्च २०११.